निर्माल्यातली फीत

१

पहिल्या मेच्या सकाळी लंडनमधल्या पिनरच्या घरात डॉक्टर हरिदासांनी तीर्थाबरोबर आपल्या गोळ्या घेतल्या, पेपर उघडला, आणि थोड्या वेळात त्यांना उलट्या सुरू झाल्या. दुपार व्हायच्या आत हॉस्पिटलमध्ये त्यांचं हृदय थांबलं. संध्याकाळी हॅरोच्या हॉलमध्ये महाराष्ट्र दिनाचा कार्यक्रम होता आणि त्यात त्यांचंच भाषण होतं. आम्ही सगळे नटूनथटून बसलो होतो, तेव्हा ही बातमी आली.

मी सुप्रभा. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्त तपासण्यात माझा जन्म गेला. आता निवृत्त आहे, पण दुसऱ्याच्या भानगडीत नाक खुपसायची खोड काही निवृत्त झाली नाही. हरिदासांची बायको सिंधुबाई माझी इथली सगळ्यात जुनी मैत्रीण. त्यामुळे पोस्टमॉर्टेमचा रिपोर्ट आला तेव्हा पहिला फोन मलाच आला.

"सुप्रभा, ते म्हणतात यांच्या रक्तात हार्टच्या गोळीचं औषध भलतंच जास्त निघालं. म्हणजे कुणीतरी जास्त गोळ्या दिल्या. आणि गोळ्या काढून ठेवायची ईरा!"

ईरा म्हणजे त्यांची सून. मागच्या ऑक्टोबरात अनयने, त्यांच्या मुलाने, तिच्याशी लग्न केलं. ती मॉरिशसची. चार-पाच पिढ्यांपूर्वी तिचे पूर्वज कोकणातून ऊसमळ्यावर मजुरीला गेले. घरात देव मराठी, बोलणं मात्र फ्रेंच आणि तिथली क्रिओल बोली. आमच्या बायकांनी तिचं नाव 'फ्रेंच सून' ठेवून टाकलं होतं, आणि ती बिचारी दर वेळी हसून घ्यायची.

मी पिनरला पोचले तेव्हा जिन्याखालच्या देवघरापुढे सिंधुबाई भिंतीला टेकून बसली होती. देव्हाऱ्यात एक जागा रिकामी होती.

"रवळनाथाचा टाक कुठाय?" मी विचारलं. टाक म्हणजे चांदीच्या पत्र्यावर उठवलेला देव. हा टाक डॉक्टरांच्या पुतण्याने, हरीशने, त्यांना पंचाहत्तरीला दिला होता.

"पोलिसांनी नेला," सिंधुबाई म्हणाली. "ईराच्या बॅगेत सापडला."

२

तपासावर राकेश नावाचा सार्जंट होता. आपलाच मुलगा, इथेच जन्मलेला. हॅरोच्या रविवारच्या मराठी शाळेत मीच त्याला बाराखडी शिकवली होती. ती त्याला कितपत आली, हे तो तोंड उघडतो तेव्हा कळतं.

मी त्याला म्हटलं, "गोळ्यांची डबी बघितलीस का? सगळ्या खणांत गोळ्या जिथल्या तिथे आहेत. जास्त दिल्या असत्या तर कुठेतरी कमी झाल्या असत्या."

"मग ब्लडमधे कसा आला, काकू?"

"त्या गोळीसारखंच काम करणारी विषं काही झाडांतही असतात. आमच्या लॅबमधली टेस्ट फसायची. झाडाचं विष असलं तरी गोळीचंच नाव सांगायची. त्या सकाळी त्यांच्या पोटात दुसरं काय गेलं ते शोध."

बोलता बोलता मलाच उत्तर सुचलं. त्यांच्या पोटात तीर्थ गेलं होतं. डॉक्टर पळीभर तीर्थावर भागवणारे नव्हते. देवाच्या आंघोळीचं पाणी फुलपात्रभर घेऊन त्याच्याबरोबर गोळ्या गिळायचे. "धर्म आणि सायन्स एकाच घोटात," असं म्हणून स्वतःच हसायचे. घरात येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ही गंमत पाठ होती. शिवाय सिंधुबाईची एक सवय होती. इथे फुलं विकत घ्यावी लागतात, म्हणून दुसऱ्या दिवशीची फुलं ती संध्याकाळीच देवाच्या तांब्यात घालून ठेवायची. सकाळी त्याच पाण्याने देवांना आंघोळ.

राकेश गेल्यावर मी विचारलं, "सिंधुताई, त्या दिवशी तुम्हालाही बरं नव्हतं ना?"

"उलटी झाली, गरगरत होतं. धक्क्यानं झालं असेल. मी आपली पळीभरच घेते."

"निर्माल्य कुठाय?"

 देवाला वाहिलेलं ती कधी बिनमध्ये टाकत नाही. कापडी पिशवीत साठवते आणि मग बागेत सफरचंदाच्या झाडाखाली पुरते. तिने पिशवी आणून दिली. मी ती वर्तमानपत्रावर ओतली. सुकलेल्या शेवंतीत बारीक घंटांसारख्या पांढऱ्या फुलांच्या काड्या होत्या, लांबट पानं होती, आणि एक अरुंद फीत होती. निळी, पांढरी, लाल. देठ खालच्या बाजूने मुद्दाम चेचलेले दिसत होते.

"ही ईराने आणलेली," सिंधुबाई हळूच म्हणाली. "सकाळी तांब्यात दिसली. मला इतकं बरं वाटलं गं. म्हटलं, पोरीनं न सांगता देवासाठी फुलं आणली. फीत सोडली आणि वाहिली."

"तिनेच आणली, हे तिने सांगितलं?"

"दुसरं कोण आणणार?"

ते फूल मी ओळखत होते. इंग्रज लोकांच्या बागांत, सावलीच्या कोपऱ्यात असतं. लिली ऑफ द व्हॅली. दिसायला गरीब, पण मुळापासून फुलापर्यंत विषारी, आणि ते ज्यात ठेवलं ते पाणीही विषारी. मी राकेशला फोन केला. मला वाटलं, ईरा सुटली.

तासाभरात त्याचा उलटा फोन आला. "थँक्स, काकू. मी लुक-अप केला. हा फूल फ्रेंच आहे. पहिला मेला ते लोक एकमेकांना देतात, लकसाठी. आणि तो रिबन पण फ्रेंच फ्लॅगचा. आता केस एकदम सॉलिड झाला. आम्ही तिला घेऊन जातोय."

मी सोडवायला गेले होते, आणि फास माझ्याच हाताने आवळला गेला. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

३

चौकशी करून पोलिसांनी तिला सध्यापुरतं घरी सोडलं. पासपोर्ट काढून घेतला. अनय मित्राकडे राहायला गेला होता. सिंधुबाई खाली, ईरा वर, आणि मधल्या जिन्यावर कुणाचं पाऊल नाही.

मी वर गेले. ती पलंगाच्या कडेला कोट घालून बसली होती, कुणी आत्ता येऊन घेऊन जाईल अशी.

"काकू, ते म्हणतात फुलं कुठून आणली. मी म्हटलं, कुठली फुलं? मी ती कधी बघितलीच नाहीत. आमच्याकडे गरम आहे. ही फुलं तिथे होत नाहीत."

"आणि पहिल्या मेला तुमच्याकडे काय करतात?"

"सुट्टी असते. कामगारांचा दिवस. पुढाऱ्यांच्या सभा असतात, लोकांना बसने नेतात. आम्ही सगळे समुद्रावर जायचो, बिर्याणी घेऊन." तिला क्षणभर हसू आलं आणि लगेच डोळे भरले.

मी फोनवरचा फितीचा फोटो दाखवला. तिने तो नीट पाहिला.

"हा तुमचाच झेंडा ना? इंग्लंडचा?"

मी फोन पर्समध्ये टाकला. खोटं बोलणारी बाई निदान 'मला माहीत नाही' म्हणते. ही मनापासून चुकली होती. तिच्या देशाच्या झेंड्यात चार पट्टे, लाल, निळा, पिवळा, हिरवा. फ्रेंचांनी ते बेट दोनशे वर्षांपूर्वी गमावलं. मग इंग्रज आले, आणि इंग्रजांच्याच काळात तिचे कोकणातले पूर्वज तिथे उतरले. राज्य गेलं, पण भाषा जिभेवर राहिली. भाषा राहिली म्हणून कुणी दुसऱ्याचे सण आणि झेंडे घेऊन बसत नाही. आपण इंग्रजी बोलतो, म्हणून नागपूरला कुणी राणीच्या वाढदिवसाला केक कापतं का?

"आणि टाक?"

"तो आमच्या गावच्या देवळातला, काकू. तलवार डाव्या हातात आहे. सोनाराची चूक, आजी सांगायची. असा दुसरा नाही. मी शाळेत होते तेव्हा चोरीला गेला. आजी दोन दिवस जेवली नाही. इथे देवघरात बघितला आणि..." तिने हात छातीशी नेला. "कुणाला सांगायची भीती वाटली. नवी सून, आल्या आल्या चोरीचं बोलणार? शेवटी एप्रिलमध्ये बाबांना, अनयच्या वडिलांना, सांगितलं. बाबांनी आदल्या संध्याकाळी तो माझ्या हातात दिला. म्हणाले, हा घरी पाठव. बाकीचं मी बघतो."

"बाकीचं म्हणजे?"

"ते म्हणाले, मी पोलिसांकडे जाणार. पण आधी त्याला तोंडावर सांगणार. हे मी राकेशना सांगितलं. ते म्हणाले, साक्षीदार कोण?"

साक्षीदार वारले होते. आणि टाक दिला होता हरीशने.

४

पण उडी मारून निकाल लावायचा नसतो. आदल्या रात्री, महाराष्ट्र दिनाची पूर्वतयारी म्हणून, डॉक्टरांकडे जेवण होतं. घरच्यांशिवाय दोघंच आले होते, हरीश आणि डॉक्टरांची मुलगी मीनल. आल्यावर आणि निघताना सगळेच देवाला नमस्कार करतात. जिन्याखाली एकट्याने जायची संधी प्रत्येकाला होती.

मीनल इथे फार्मसिस्ट आहे, हॅरोला. घटस्फोटानंतर वडिलांशी तिचं धड बोलणं नव्हतं. शिवाय ती कित्येक वर्षं ब्रसेल्सला राहिलेली. औषधं कळतात, फ्रेंच कळतं आणि मनात रागही आहे. मी तिच्या दाराची बेल वाजवली. या मुलीला मी लंगोटात पाहिलं आहे.

तिने चहाचंही विचारलं नाही. "मावशी, तुम्ही मला विचारायला आलात ना, मी बाबांना मारलं का?"

"हो."

"नाही मारलं. भांडले मात्र पुष्कळ. आता भांडायलाही कुणी नाही." ती खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. मग म्हणाली, "आणि ईरानेही नाही मारलं. मी अनयला सांगतेय, तो ऐकत नाही. म्युगेची, म्हणजे त्या लिली ऑफ द व्हॅलीची फुलं काय, तिरंगी फीत काय! ब्रसेल्सला माझ्या ऑफिसात मॉरिशसची एक मुलगी होती. पहिल्या वर्षी मी तिला पहिल्या मेला म्युगे दिली. तिने विचारलं, हे काय, कुणी गेलं का? अख्ख्या ऑफिसात हशा. काँगोतल्या किन्शासाचा एक होता, तोही म्हणाला, ही तुमची गोऱ्यांची थेरं. फ्रेंच बोलणारे सगळे एका माळेचे मणी नसतात, हे मी तिथे शिकले."

"हे पोलिसांना का नाही सांगितलंस?"

"सांगितलं. राकेश म्हणाला, नणंद भावजयीची बाजू घेते, हे फर्स्ट टाइम पाहतोय."

मला हसू आलं, आणि हसू आल्याची लाजही वाटली. परतताना मेट्रोपॉलिटन लाइनच्या गाडीत एकच विचार डोक्यात होता. ही फुलं ज्याने ठेवली, त्याला घरातलं तीर्थ माहीत होतं आणि पॅरिसचा पहिला मेही माहीत होता. मॉरिशस मात्र माहीत नव्हतं. अनय लग्नासाठी तिथे महिनाभर राहून आला होता. मीनलने तर आत्ता सांगितलंच. अर्थात, पोलिसांना हा फरक कळणार नाही असा हिशेब मीनलही करू शकली असती. तेवढी हुशार ती नक्की आहे. म्हणून मला हरीशकडे, क्रॉयडनला जाणं भाग होतं.

५

हरीशचं क्रॉयडनला जुन्या वस्तूंचं दुकान आहे, ट्रामच्या रस्त्यावर. मागे आणि वर घर. पंधरा वर्षं पॅरिसला राहून आलेला, गळ्यात रेशमी मफलर, बोलणं लोण्यासारखं. सिंधुबाईने मला त्या रात्रीच्या जेवणाचं सांगितलं होतं. हरीश सबंध वेळ ईराची थट्टा करत होता, तुमच्या पॅरिसमध्ये असं, तुमच्या पॅरिसमध्ये तसं. ती एकदा म्हणालीही, दादा, मी पॅरिस फक्त विमानातून बघितलंय. कुणी लक्ष दिलं नाही.

"या, सुप्रभाकाकू! काका गेले आणि घराचा खांबच गेला हो."

"हरीश, ईराचं काय वाटतं तुला?"

त्याने मान हलवली. "वाईट वाटतं. पण काय आहे, संस्कार कुठे जातात? पहिल्या मेला म्युगे द्यायची म्हणजे द्यायचीच. तिने सवयीने आणली, किंवा मुद्दाम आणली. ते कोर्ट ठरवील."

"ती मॉरिशसची आहे रे."

"मॉरिशस काय आणि मार्सेय काय, काकू! बाई फ्रेंचच ना? म्युगे न देणारा फ्रेंच माणूस मी आजवर पाहिला नाही."

"तू गेला आहेस का कधी मॉरिशसला?"

"छे! पाऊल ठेवलं नाही. तो टाक मी पॅरिसच्या बाजारात घेतला, पावती आहे. पोलिसांनी पाहिली." तो हसला. "काका उगाच हळवे झाले होते. मला फोन करून म्हणाले, ईराने ओळखलाय, चोरीचा आहे, मी रिपोर्ट करणार. मी म्हटलं, जेवायला येतोय तेव्हा बोलू."

"बोललात?"

"कुठे! सगळे होते ना." तो उठला. "चहा टाकतो."

तो आत गेला आणि मी मागच्या खिडकीशी गेले. छोटंसं अंगण, उंच भिंत, ऊन न येणारा कोपरा. त्या कोपऱ्यात लांबट रुंद पानांचा दाट ताटवा होता. मे महिना होता. आजूबाजूच्या प्रत्येक बागेत ही फुलं डोलत होती. इथे पानंच होती. फुलाच्या काड्या होत्या तिथे नुसते कापलेले खुंट.

"काकू, साखर किती?" त्याचा आवाज अगदी पाठीशी आला.

मी वळले. त्याच्या हातात वाफाळता कप होता. त्याची नजर माझ्यावरून खिडकीकडे गेली आणि पुन्हा माझ्यावर आली.

"मी चहा सोडलाय," मी म्हटलं. आयुष्यात इतकं धडधडीत खोटं मी बोलले नव्हते. पर्स उचलली आणि दुकानातून गिऱ्हाईकांच्या मधून चालत रस्त्यावर आले. ट्राम स्टॉपच्या गर्दीत उभी राहिले आणि राकेशला फोन लावला. 

६

पोलिसांनी त्या दुपारीच दुकानाची झडती घेतली. तळघरात आणखी देवळांचे देव निघाले. काही मॉरिशसचे, काही रीयुनियन बेटावरचे, एक तर पाँडिचेरीचा. पॅरिसमधला एक दलाल हे सगळं चोरून आणायचा आणि हरीश खोट्या पावत्या बनवून विकायचा. अंगणातल्या खुंटांचे नमुने घेतले. ते निर्माल्यातल्या देठांशी जुळले. हरीश वकिलाच्या सल्ल्याने गप्प बसला आहे.

राकेशने पिनरला येऊन हे सांगितलं. दिवाणखान्यात सिंधुबाई होती, अनय आणि मीनल होते, आणि दाराजवळच्या खुर्चीत ईरा.

"पण काकू, तुम्हाला डाउट कसा आला?"

"चोर पकडायला चोराच्या चुकीतून जावं लागतं," मी म्हटलं. "डॉक्टरांनी तोंड उघडलं असतं तर हरीश तुरुंगात जाणार होता. आणि टाक ओळखणारी एकटी ईरा. एका दगडात दोन पक्षी मारायचे होते. फुलं नुसती ठेवली असती तर अपघात ठरला असता. त्याला सूनबाई अडकायला हवी होती, म्हणून फीत बांधली. फ्रेंच बोलते म्हणजे फ्रान्सचे सण पाळणार, हे त्याने गृहीत धरलं. ती काय सांगत होती, ते त्याने जेवतानाही ऐकलं नाही."

मला पुढे म्हणायचं होतं की आपणही कुणी ऐकलं नाही. पण राकेश खाली बघत होता आणि अनयचा चेहरा उतरला होता, तेव्हा तेवढं पुरे झालं असं वाटलं.

मग सिंधुबाईने विचारलं. मला माहीत होतं ती विचारणार.

"सुप्रभा, म्हणजे विष त्या पाण्यात होतं."

"हो."

"आणि ते पाणी मी दिलं."

मी तिचा हात धरला. खोटं बोलायचं असतं तर हीच वेळ होती. पण पन्नास वर्षांपासूनची मैत्रीण समोर होती आणि ती मूर्ख नव्हती.

"हो सिंधुताई. तुमच्या हातून दिलं गेलं. दिलं मात्र हरीशने."

ती रडली नाही. हळूहळू उठली आणि दाराजवळच्या खुर्चीपाशी गेली. ईरा उभी राहिली.

"मी पोलिसांना तुझं नाव सांगितलं गं," सिंधुबाई म्हणाली. "माझ्या तोंडून गेलं."

"आई, तुम्हाला वाटलं मी देवाला फुलं आणली. तुम्हाला आनंद झाला होता. ते मला सुप्रभाकाकूंनी सांगितलं." ईराने तिचे खांदे धरले. "तुमच्यावर माझा राग नाही."

सिंधुबाईला तेव्हा रडू फुटलं. ईराने तिला खुर्चीत बसवलं आणि पाणी आणून दिलं. सिंधुबाईने ग्लासकडे पाहिलं आणि तो तसाच हातात धरून ठेवला.

राकेशने पासपोर्ट टेबलावर ठेवला आणि तो निघाला. अनय पुढे आला. "ईरा, सॉरी. मी पण कन्फ्यूज झालो होतो. सगळे म्हणत होते म्हणून... चल, आपण वर जाऊ. बोलू."

तिने पासपोर्ट उचलला आणि कोटाच्या खिशात घातला. कोट तिने अजून काढलाच नव्हता.

"पोलिसांनी विचारलं तू केलंस का, ते त्यांचं काम होतं," ती म्हणाली. "तू का विचारलंस, अनय?"

 मीनल उठली, भावाकडे न बघता गाडीची किल्ली घेतली आणि म्हणाली, "चल, तुला माझ्याकडे नेते. मॉरिशसचं तिकीट मिळेपर्यंत राहा."

दोघी गेल्या. गाडी वळेपर्यंत अनय दारात उभा होता. मग तो आत आला आणि आईला म्हणाला, "ती येईल ना गं परत?"

सिंधुबाईने हातातला पाण्याचा ग्लास तसाच टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "दार लाव."